भाऊजींचा अर्धा सूर्य

आमच्या घरात संडास एक आणि माणसं तीन. तरीसुद्धा त्याच्या दारावर एका बाजूला निळा पुरुष आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी बाई अशी दोन चित्रं चिकटवलेली आहेत. खाली एक चकती आहे. आत माणूस असेल तर ती लाल बाजूवर फिरवायची, बाहेर पडताना हिरव्या. चकती कुठल्या दिशेने फिरवायची त्याचा बाण आहे, आणि कडी लावायला कोणी विसरू नये म्हणून कडीचं चित्रही आहे. त्या चित्राखाली खरी कडीच झाकली गेली होती. नंतर चित्राला भोक पाडून ती मोकळी करावी लागली. हे सगळं माझ्या दिरांचं काम. पाहुणे त्या दारासमोर उभे राहून हसू दाबतात आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकते.

भाऊजी सरकारी आरोग्य खात्यात चित्रकार आहेत. दवाखान्यांच्या भिंतींवर जे तक्ते लागतात ते त्यांच्या हातचे. हात कसे धुवावेत, खोकताना तोंडावर काय धरावं, तान्ह्या बाळाची मान कशी सांभाळावी. स्वतः लग्नच केलं नाही, त्यामुळे बाळाशी कधी गाठ पडलेली नाही, पण बाळाची मान सांभाळायला त्यांनी अख्ख्या मुलखाला शिकवलंय. चौतीस वर्षं झाली नोकरीला. ह्या चौतीस वर्षांत त्यांनी एक वाक्य मला निदान हजार वेळा ऐकवलं असेल.

"वहिनी, जे तोंडाने सांगावं लागतं ते चित्रच नव्हे."

मी कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलावर काम करते. आमच्याकडे दुसरं वाक्य चालतं, माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही. पण कात्रीवाल्या बाईचं कोण ऐकतं?

नव्या दवाखान्याची गोष्ट घ्या. तिथे लघवी तपासायची खोली सरळ पुढे, बोळाच्या टोकाला होती. भाऊजींनी फलकावर वर तोंड केलेला बाण काढला. त्यांच्या हिशेबाने वर म्हणजे सरळ. फलक लागला नेमका जिन्याच्या शेजारी. पुढचे आठ दिवस भली भली माणसं हातात बाटल्या घेऊन गच्चीवर जाऊन उभी राहत होती. शेवटी सफाईवाल्या बाईने फलक काढून उलटा ठेवला आणि स्वतः बोळाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसली. "सरळ जा, बाबा," एवढं ती दिवसभर म्हणायची. सगळं सुरळीत झालं.

मी विचारलं, "भाऊजी, बाण चुकला म्हणे?"

"बाण बरोबर होता," भाऊजी म्हणाले. "माणसं चुकली."

हात धुवायच्या तक्त्यात सहा जोड हात होते, मनगटापाशी संपलेले, सुंदर. बोटांची नखंसुद्धा एकेक काढलेली. एका म्हाताऱ्या बाबांनी तो तक्ता बघून डॉक्टरांना हळूच विचारलं, की बिचाऱ्याचे हात कुठल्या यंत्रात तुटले. ही गोष्ट मी घरी हसत हसत सांगितली तेव्हा भाऊजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच समेटाला गेले.

"अहो, लावायच्या आधी एकदा कोणाला तरी दाखवून बघत जा ना."

"कोणाला?"

"कोणालाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला दाखवा."

"डॉक्टर गोळी देण्याआधी पहारेकऱ्याला विचारतो का?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनातल्या मनात म्हटलं. खरं तर तेही अर्धंच खरं होतं. भाऊजींना नाचता उत्तम येत होतं. समोर कोण बसलंय हे बघायची मात्र सवय नव्हती.

आता सासूबाईंकडे येते, कारण ही सगळी कथा त्यांच्या डोळ्यांची आहे.

सासूबाईंचं वय ब्याऐंशी. अक्षराशी त्यांची कधी ओळख झाली नाही, पण तोंड असं चालतं की शिकलेली माणसं पाणी भरतील. माझे हे गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. मी आणि भाऊजी पुढच्या दोन खोल्यांत, सासूबाई मागच्या खोलीत. त्या खोलीला एकच खिडकी. समोर दोन उंच इमारतींच्या पाठी, त्यांच्या मधे हातभर फट, फटीत एक गळका पाइप. दिवसभर तिथे ट्यूबलाइट लावावी लागते. ऊन येतं ते दुपारी चारच्या सुमाराला. सूर्य त्या फटीत उतरतो, खाली मधल्या भिंतीचा कठडा आडवा येतो म्हणून दिसतो तोही अर्धाच, आणि अर्ध्या तासात निघून जातो. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, कारण चार वाजता मी कारखान्यात असायचे. भाऊजींना तर सुट्टीच्या दिवशीही माहीत नव्हतं. ते रोज संध्याकाळी दारातूनच "आई, बरी आहेस ना?" असं विचारायचे आणि उत्तर यायच्या आत वळायचे.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जवळजवळ गेलेला, डावाही त्याच वाटेवर. माणूस आकारावरून ओळखायच्या, मला बांगड्यांवरून आणि भाऊजींना खोकल्यावरून. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "मोतीबिंदू पिकलाय. फार थांबलात तर पुढे मलाही अवघड जाईल. पण रक्तातली साखर दोनशेच्या वर आहे. ती एकशे चाळीसच्या आत आणा, तोवर मी डोळ्याला हात लावणार नाही. दोन महिने देते."

औषधाच्या खिडकीवर मला समजावलं होतं, साखरेची पांढरी गोळी सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी. रक्तदाबाची लाल गोळी रात्री. बस, एवढंच. हे वाक्य मी येतायेता रिक्षात सासूबाईंना सांगायला तोंड उघडलं, तर भाऊजींनी हात आडवा केला.

"वहिनी, एक अक्षर बोलू नका."

"का?"

"आई निरक्षर आहे, डोळ्यांनी अधू आहे. असा माणूस मला शोधून सापडला नसता. मी तक्ता काढतो. तो बघून तिने आपणहून गोळी घेतली पाहिजे. तोंडी सांगितलंत तर प्रयोग बिघडेल."

स्वतःच्या आईचा प्रयोग! मी तेव्हाच भांडायला हवं होतं. पण खरं सांगते, मला वाटलं, बरं झालं, रोज उठून बजावायचं एक काम वाचलं. सकाळी सातला मी घर सोडते. थर्मासमध्ये चहा आणि झाकलेली बशी त्यांच्या स्टुलावर ठेवायची आणि पळायचं. मी गप्प बसले.

भाऊजी चार दिवस त्या तक्त्याला भिडले होते. आणि चित्र झालं मात्र देखणं. बोटभर जाडीच्या रेषा, मोजके रंग, अधू डोळ्यालाही कळेल असे मोठाले आकार. तीन भाग. पहिल्यात दोन डोंगर, त्यांच्या मधून अर्धा वर आलेला सूर्य, खाली रिकामी थाळी आणि पांढरी गोळी. दुसऱ्यात डोक्यावरचा पूर्ण सूर्य आणि भरलेली थाळी, गोळी नाही. तिसऱ्यात चंद्रकोर आणि लाल गोळी. भाऊजींनी तो सासूबाईंच्या पलंगासमोर ठोकला आणि एवढंच म्हणाले, "आई, चित्रात आहे तसं कर."

सासूबाई उठून भिंतीपाशी गेल्या. नाक जवळजवळ कागदाला लावून त्यांनी पहिला भाग बघितला, मग मागे सरकून बघितला. चेहरा असा फुलला की मी आश्चर्याने बघत राहिले.

"अगं बाई! हुबेहूब काढलंस रे!"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत चौतीस वर्षांचे सगळे बाण, सगळे हात वसूल झाले होते. मला माझे शब्द गिळावे लागले. त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, तर सासूबाई त्यांना सांगत होत्या, "माझ्या लेकाने काढलंय, फक्त माझ्यासाठी. ऑपरेशन झालं ना, की पहिल्यांदा मी हे चित्र डोळे भरून बघणार."

भाऊजी दर रविवारी गोळ्या मोजायचे. पांढऱ्या सात कमी, लाल सात कमी. एक इकडची तिकडे नाही. त्यांनी तक्ता साहेबांना दाखवला, सोबत गोळ्यांच्या मोजणीचा कागद जोडला. साहेबांना तो इतका आवडला की खात्याने वीस हजार प्रती छापून सगळ्या दवाखान्यांत लावल्या. भाऊजींना प्रशस्तिपत्र मिळालं आणि काचेचं एक ढेकूळ, ज्याच्या आत खात्याचं चिन्ह तरंगत होतं. प्रशस्तिपत्रावर लिहिलं होतं, 'निरक्षर व्यक्तीलाही क्षणार्धात समजणारा.'

इकडे पंधरा दिवसांनी साखर तपासली, दोनशे सहा. महिन्याने तपासली, दोनशे चौदा.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "गोळी नीट घेतायत?"

"एकही चुकलेली नाही," भाऊजी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

"मग खातायत काय?"

आम्ही दोघांनी एकदमच सासूबाईंकडे बघितलं. त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं, की साखरेचा डबा भराभर खाली जातोय. दोन अधिक दोन चार करायला मला कितीसा वेळ लागणार? मी घरी येऊन विचारलं.

"आई, तुम्ही साखर खाता?"

"संध्याकाळी कधीतरी चिमूटभर तोंडात टाकते."

"चिमूटभर? डबा अर्धा झालाय!"

"हातपाय गळून जातात ग. कापरं भरतं. तोंडात काहीतरी गोड टाकलं की बरं वाटतं."

"ते सगळं वयामुळे," भाऊजी दारातून म्हणाले. "आई, तक्त्यात साखर कुठे आहे का? मग?"

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. मी साखरेचा डबा, बिस्किटं, गुळाची बरणी सगळं माझ्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली कारखान्यात घेऊन जाऊ लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती देणारी मीच. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला मी चिमूटभर साखरेवरून चोर ठरवलं, आणि वर काकूंना सांगितलंही, की म्हातारपणी जिभेवर ताबा राहत नाही. पाचव्या दिवशी घरी आले तर सासूबाई पलंगाला टेकून जमिनीवर बसलेल्या, घामाने अंग ओलं, बोलणं अडखळणारं. मी चहा करून पाजला, त्यांचा बिनसाखरेचा हे घाईत विसरून माझ्यासारखाच दोन चमचे साखर घालून. दहा मिनिटांत त्या बऱ्या झाल्या. तरी माझी ट्यूब पेटली नाही. आम्ही म्हणालो, अशक्तपणा.

मुदतीला दोन आठवडे राहिले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ह्या वेळी साखर उतरली नाही तर ऑपरेशनची तारीख रद्द. डावा डोळा तोवर किती टिकेल ते त्या सांगू शकत नव्हत्या.

त्या सोमवारी कारखान्यातली वीज गेली. दुपारी तीनला आम्हाला घरी सोडलं. मी कुलूप उघडून आत आले, चपला काढल्या, आणि सासूबाईंच्या खोलीत डोकावले.

सासूबाई पलंगावर मांडी घालून खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पाठ ताठ. उजव्या तळहातावर पांढरी गोळी, डाव्या हातात पाण्याचा पेला. जणू कोणी पाहुणा यायचाय आणि त्याची वाट बघणं चाललंय.

"आई, काय करताय?"

"गोळी घ्यायचीय."

"आत्ता? चार वाजायला आलेत!"

"म्हणूनच तर. थांब जरा, अजून पुरता आला नाही."

"कोण?"

"सूर्य. अर्धा दिसला पाहिजे ना! चित्रात अर्धा आहे."

मी वळून तक्त्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. दोन इमारतींच्या काळपट पाठी, मधे फट, फटीत कठड्यावर टेकलेला अर्धा सूर्य. मला त्या क्षणी त्या डोळ्यांनी दिसलं, ज्या डोळ्यांना डोंगर आणि इमारत सारखेच ढिगारे दिसतात. शब्दशः तेच चित्र होतं.

"आणि ही थाळी?" मी विचारलं.

"रिकामी आहे ना? म्हणजे जेवण कधीच झालं, भांडं घासून पालथं पडलं. चारला पोट रिकामंच असतं. सगळं बरोबर काढलंय ग त्याने." असं म्हणून त्यांनी गोळी तोंडात टाकायला हात उचलला.

मी तो हात धरला. साखर उतरवणारी गोळी ही बाई महिनाभर रिकाम्या पोटी दुपारी चारला घेत होती, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत काही खात नव्हती. पाचला हातपाय कापायला लागायचे. सकाळपर्यंत गोळीचा जोर ओसरायचा आणि साखर पुन्हा दोनशेवर. चिमूटभर साखरेने तिला सावरलं होतं, आणि तीच मी कुलपात घातली होती. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नाही. मी कपाट उघडलं, डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"आई, माझं चुकलं. तुम्ही चोर नाही."

"ते मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "तुला कळायला वेळ लागला."

संध्याकाळी भाऊजी आले. मी त्यांना दारातून वळू दिलं नाही. हाताला धरून आत नेलं आणि पलंगावर बसवलं. मला वाटतं, आईच्या पलंगावर ते वीसेक वर्षांनी बसले असतील. मी सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला असेल, चढू दे. भाऊजींनी खिडकीकडे बघितलं. सूर्य कधीच गेला होता. नुसत्या दोन इमारती आणि गळका पाइप.

"उगवता सूर्य आहे तो," ते हळूच म्हणाले.

"कशावरून? उगवताना अर्धा असतो तसा मावळतानाही अर्धाच असतो की."

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तू त्याला ओरडू नकोस ग. माझ्या लेकाने माझी खिडकी काढली. मी म्हणायचे, हा कधी इथे दोन मिनिटं टेकत नाही. पण ह्याचं लक्ष होतं बघ. हो की नाही रे?"

भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हो, आई," ते म्हणाले.

तेवढ्यापुरता मला त्यांचा राग आला नाही. नंतर माझ्या लक्षात आलं, की तो प्रेमाचा उमाळा नव्हता, खरं सांगायचा धीर नव्हता.

गोळी सकाळी घ्यायची हे सासूबाईंना आता कळलं, पण मी सातला घर सोडल्यावर रोज आठवण कोण करणार? भाऊजी ताबडतोब कागद घेऊन बसले. सकाळ कशी दाखवायची? सासूबाई रोज सकाळी पहिल्यांदा काय करतात, तर पेल्यातली कवळी काढून तोंडात घालतात. भाऊजींनी पेला काढला, कवळी काढली, बाण काढला. सासूबाईंनी कागद नाकाशी धरला.

"दात आत चाललेत की बाहेर येतायत?"

भाऊजींनी बाण जाड केला.

"अरे, कशाला कागद नासतोस? रात्री दात पेल्यात ठेवले की झाकणावर सकाळची गोळी ठेवून द्या. झाकण उघडायला हात लावला की गोळी लागेल हाताला. दातांशिवाय मी काही खात नाही. झालं!"

चौतीस वर्षांच्या अनुभवी चित्रकाराने आणि प्रशस्तिपत्र मिळालेल्या तक्त्याने जे महिनाभरात जमवलं नाही ते कवळीच्या झाकणाने केलं. दोन आठवड्यांनी साखर एकशे बत्तीस. डॉक्टरीणबाईंनी तारीख कायम केली. मी रिक्षात रडले, आणि सासूबाई म्हणाल्या, "तुझे डोळे नीट आहेत ना? मग ते कशाला खराब करतेस?"

मधल्या दिवसांत भाऊजींनी एक काम केलं, ते सांगायलाच हवं. कितीही टोचून बोलले तरी मी खोटं बोलत नाही. ते जवळच्या दवाखान्यात जाऊन आपल्या तक्त्याखालच्या बाकावर बसले आणि अकरा माणसांना विचारलं, ह्यात काय दिसतं. चौघं म्हणाले संध्याकाळ. तिघं म्हणाले सकाळ. दोघांनी सांगितलं, आम्ही तिकडे कधी बघितलंच नाही. एक म्हणाला, पर्यटनाची जाहिरात असेल. आणि एका बाईला तव्यात फोडलेलं अंडं दिसलं. भाऊजी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना अर्ज दिला, की तक्त्यात दोष आहे, तो माझा आहे, प्रती काढून घ्याव्यात.

साहेबांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. "अहो, तीन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. बक्षीस मिळालंय, वर्तमानपत्रात फोटो आलाय. आता तो सूर्य मावळता आहे असं म्हणून कसं चालेल?"

"माझ्या आईने चुकीच्या वेळी गोळी घेतली, साहेब."

"तुमच्या मातोश्रींबद्दल आदर आहे. पण मातोश्री म्हणजे जनता नव्हे." अर्ज फायलीत गेला. वीस हजार सूर्य आजही भिंतींवर अर्धे लटकतायत. उगवतायत की मावळतायत ते ज्याने त्याने आपापल्या नशिबाने ठरवायचं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पट्टी काढली, काळा चष्मा दिला, आणि अकराच्या सुमाराला आम्ही घरी आलो. सासूबाईंनी रिक्षातच माझा चेहरा निरखला आणि "केस किती पांढरे झाले ग तुझे," असा आहेर दिला. भाऊजींना म्हणाल्या, "तू म्हातारा झालास." मग घरात शिरल्या त्या थेट आपल्या खोलीत. मला आठवलं, आणि मी घाईने मागोमाग गेले. तक्ता तिथेच होता. मी दोनदा काढायला गेले होते, दोन्ही वेळा त्यांनीच "राहू दे" म्हटलं होतं.

सासूबाई पलंगावर बसल्या. खोलीत उजेड कमीच होता, त्यांनी काळा चष्मा काढला आणि समोर बघितलं. भाऊजी दाराच्या चौकटीत उभे होते, नेहमीच्या जागी.

"हे डोंगर आहेत," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी खिडकीकडे बघितलं, परत तक्त्याकडे बघितलं.

"सगळ्या मजल्याला सांगितलं मी. लेकाने माझी खिडकी काढली म्हणून."

"आई..."

"कुठले रे हे डोंगर?"

"कुठलेच नाहीत," भाऊजी म्हणाले. "असेच. सकाळ दाखवायला काढतात तसे."

"अस्सं." सासूबाईंनी थोडा विचार केला. आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते ऐकवेना. "कुठलेच नाहीत, तर मग ते दिसणार कोणाला?"

भाऊजी निघून जातील असं मला वाटलं. ते गेलेही. पुढच्या खोलीत खडखड झाली, आणि ते फळी, कागद, पेन्सिल आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन परत आले. स्टूल त्यांनी आईच्या पलंगाशेजारी, खिडकीकडे तोंड करून टाकलं आणि बसले. एवढ्या वर्षांत ह्या माणसाने पहिल्यांदा कापायच्या आधी माप घ्यायचं ठरवलं होतं, आणि माझ्या जिभेवर आलेलं वाक्य मी परत गिळलं.

"हो म्हणालो ते खोटं होतं, आई," ते म्हणाले. "आता काढतो. तू सांग. आधी काय घेऊ?"

"पाइप घे."

भाऊजींनी खाली मान घालून कागदावर रेघ ओढली. सासूबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून, नव्या डोळ्याने बघत होत्या.

"अरे, उजवीकडे कुठे? डावीकडे आहे तो," त्या म्हणाल्या. "मान वर कर. बघून काढ."